तिसरी झेरॉक्स

फोर्टातल्या कुठल्याही जुन्या सॉलिसिटर फर्मचा लाकडी जिना चढून वर गेलात, की रिसेप्शनच्या मागं, फायलींच्या कपाटांच्या आडोशाला एक टेबल असतंच. टेबलावर काच. काचेखाली सिद्धिविनायक, हायकोर्टाच्या सुट्ट्यांची यादी आणि काळ्या कोटातले चार-दोन अनाथ पासपोर्ट फोटो. त्यामागं बसतात ते मॅनेजिंग क्लार्क. कुठं त्यांना दादा म्हणतात, कुठं भाऊ. आमच्याकडचे ते नाना.

नानांकडं वकिलीची सनद नाही. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला त्यांनी कॉलेजला रामराम ठोकला आणि इथं लागले. फर्ममधल्या यच्चयावत वकिलांच्या सनदेचे नंबर मात्र त्यांना तोंडपाठ. आपला नंबर सांगताना वकील मोबाइल चाचपत असतो, तोवर नानांनी तो फॉर्मवर लिहून पुढची ओळ गाठलेली असते.

पूर्वी हे सोपं होतं. एकदा सनद घेतली, भिंतीवर फ्रेम टांगली, की माणूस मरेपर्यंत वकील. 2015 साली बार कौन्सिल ऑफ इंडियानं पडताळणीचे नियम आणले आणि सर्टिफिकेट ऑफ प्रॅक्टिस नावाचं प्रकरण सुरू झालं. ते पाच वर्षांचं. मुदत संपली की पुन्हा अर्ज. खोट्या पदव्यांवर कोट चढवलेल्यांना गाळायचं हा त्यामागचा हेतू. हे नियम वकिलांसाठी होते, पण अथपासून इतिपर्यंत वाचले एकट्या नानांनी. वाचून त्यांनी चष्मा पुसला आणि पहिलं वाक्य उच्चारलं, “झेरॉक्स तीन. एक त्यांना, एक आपल्याला, एक देवाला.”

ही देवाची झेरॉक्स म्हणजे नानांच्या लोखंडी कपाटातली. दहावीचं मार्कशीट, बारावीचं, पदवीचं, लॉचं, सनदेची प्रत, फोटो, सगळं एका पिवळ्या फोल्डरमध्ये. यामुळं नानांच्या हाती भलतीच सत्ता आली आहे. अख्ख्या फर्मचे दहावीचे मार्क माहीत असलेला हा पृथ्वीतलावरचा एकमेव माणूस. शेकडो कोटींच्या सौद्यावर सही ठोकणाऱ्या आमच्या एका पार्टनरला बीजगणितात किती मिळाले होते, हे नाना जाणतात. बोलत नाहीत. फक्त साहेब एखाद्या ज्युनियरला “साधा हिशेब येत नाही?” म्हणून झापू लागले, की नाना फाईल उचलून शांतपणे केबिनच्या दारात जाऊन उभे राहतात. आवाज आपोआप खाली येतो.

फॉर्म भरून घ्यायचा मोसम आला, की नाना कुणालाच नावानं हाक मारत नाहीत. “ते फोटोवाले आले का?” “मार्कशीटवाल्या मॅडम कुठायत?” ज्याचा जो कागद अडला, ते त्याचं आडनाव. मुदत जाहीर झाली, की नाना स्वतःची वेगळी मुदत काढतात, बरोबर महिनाभर अलीकडची. बार कौन्सिल मुदतवाढ देते, पुन्हा मुदतवाढ देते. नाना देत नाहीत. “वाढवली असेल त्यांनी. मी नाही वाढवली.” आणि ज्युनियर मंडळींना त्यांच्या मुदतीचीच जास्त भीती वाटते, कारण राज्याची बार कौन्सिल हायकोर्टाच्या एक्स्टेन्शन इमारतीत असते आणि नाना चहाच्या मशीनजवळ.

फोटो काळ्या कोटात आणि पांढऱ्या बँडमध्ये हवा. पण सौदे करणाऱ्या वकिलांनी कोट शेवटचा कधी घातला हे त्यांच्या बायकांनाही आठवत नाही. त्यासाठी नानांनी दाराच्या खुंटीला एक सार्वजनिक कोट टांगून ठेवलाय. तो कधीकाळी कुणाच्या मापाचा होता कुणास ठाऊक, आज मात्र तो कुणालाच होत नाही. बारीक पोरांना मागून चिमटे लावायचे, जाड साहेबांनी बटणं उघडी ठेवून श्वास रोखायचा. फर्मचे सगळे फोटो त्यामुळं एकाच खानदानाचे वाटतात.

खरी मौज वकालतनाम्यांची. प्रॅक्टिस करतोय याचा पुरावा म्हणून मागच्या पाच वर्षांतले वकालतनामे दाखवा, असं आलं आणि कॉन्ट्रॅक्टवाल्या मजल्यावर सुतक पडलं. कोर्टाची पायरी न चढता वकिली करणं हीच तर त्यांची हुशारी! एक साहेब रागानं म्हणाले, “नाना, मी आयुष्यात वकालतनामा दिलेला नाही.” नानांनी पिवळं फोल्डर उघडलं. पाच वर्षं, पाच वकालतनामे, प्रत्येकावर बाकीच्या नावांच्या रांगेत साहेबांचंही नाव, खाली त्यांचीच सही, शेजारी वेल्फेअर फंडाचा स्टॅम्प. “दरवर्षी जूनमध्ये कोर्ट उघडलं की मी तुमच्यापुढं एक कागद ठेवतो. तुम्ही फोनवर असता. सही करता.” साहेबांनी न वाचता सही करण्याच्या धोक्यांवर क्लायंटसमोर तासभर व्याख्यान दिलेलं आम्ही ऐकलंय. त्या दिवशी त्यांनी नानांसाठी कटिंग मागवला.

लग्न झालेल्या मुलींच्या बाबतीत मात्र नाना हळवे होतात. दहावीच्या मार्कशीटवर माहेरचं नाव, सनदेवर सासरचं, पदवीवर इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त. मग अ‍ॅफिडेव्हिट, किल्ला कोर्टाबाहेरचा नोटरी, गॅझेटमधली नावबदलाची नोंद. नाना हे सगळं स्वतः निस्तरतात आणि वर तिला सांगतात, “बाळा, पुढच्या पिढीला सांग, लग्न करा, पण स्पेलिंग बदलू नका.” त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नात म्हणे रजिस्ट्रारच्या कारकुनानं फॉर्म पुढं केला, तेव्हा नानांनी अंगठी-बिंगठी सगळं थांबवून आधी नावं तपासली. जावई घामाघूम. नावं बरोबर निघाली.

2010 नंतर पदवी घेतलेल्या पोरांना बार कौन्सिलची परीक्षाही द्यावी लागते. तात्पुरती सनद मिळाल्यापासून दोन वर्षांच्या आत. नानांच्या डायरीत प्रत्येकाची ती तारीख लाल शाईनं लिहिलेली. ही परीक्षा बरीच वर्षं पुस्तकं उघडून द्यायची होती, हे कळल्यावर नानांना धक्काच बसला. “पुस्तक बघून? मग नापास कसं होतात?” एका पोरानं ते होऊन दाखवलंच. त्याला नाना काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच्या टेबलावर कायद्यांची कोरी पुस्तकं, त्यांत रंगीत चिठ्ठ्या चिकटवलेल्या, आणि वर नानांच्या डब्यातला नारळाचा लाडू. परीक्षेत आता फक्त कोरे कायदेच चालतात, चिठ्ठ्या काढाव्या लागतात, हे त्यानं नानांना सांगितलं नाही. घरी तेवढं वाचून काढलं.

हाताखाली आता संगणकवाला एक मुलगा दिलाय. तो सगळं स्कॅन करतो, नावं देऊन फोल्डरमध्ये ठेवतो. नानांना त्याचं कौतुक आहे. स्कॅन झाला, की नाना त्याची प्रिंट काढून पिवळ्या फोल्डरमध्ये लावतात.

मध्यंतरी आमचे धाकटे शेठ लंडनच्या ऑफिसात वर्षभर राहून आले. आल्या आल्या नानांच्या टेबलाशी टेकून ते तिकडच्या गमती सांगू लागले. तिथं सॉलिसिटरचं प्रॅक्टिसिंग सर्टिफिकेट दरवर्षी नवं करावं लागतं, वर्ष संपतं एकतीस ऑक्टोबरला. आणि मोठ्या फर्मनं ऑनलाइन एकच अर्ज भरायचा, की सगळ्या वकिलांचं एकदम होतं. मार्कशीट नाही, वकालतनामा नाही, कोट नाही, रांग नाही.

“मग तिथले नाना काय करतात?” नानांनी विचारलं.

“तिथं नाना नसतात.”

नानांनी चष्म्यावरून शेठकडं बघितलं. “म्हणून दरवर्षी करावं लागतं. आपलं पाच वर्षं टिकतं.” आणि मग हात पुढं करून, “बरं झालं आठवलात. तुमचा फोटो राहिलाय. तो खुंटीवरचा कोट घ्या.”