बुंदीचा पाक आणि तेरावा अध्याय

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नेमकं सप्ताहाच्या तोंडावर आलं आणि डॉक्टरांनी वाचायला मनाई केली. त्यापेक्षा पाय मोडला असता तर तिला चाललं असतं. ज्ञानेश्वरीच्या पारायणाला पायांचं काम नसतं. आजवर एकही खाडा नाही. "तू बस माझ्या जागेवर," ती म्हणाली. "मी घरी भोंग्यावर ऐकते."

आमचं गाव नेवाशाजवळ, ऊस आणि कांद्याच्या मधोमध. ज्या पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली, तो आम्ही शाळेच्या सहलीत पाहून घेतलेला. अठरा अध्याय, नऊ हजारांवर ओव्या, आणि त्या लिहून घेणारे सच्चिदानंदबाबा. आख्यायिका अशी, की बाबा वारले होते, बायको सती जायला निघाली होती, तेव्हा माउलींनी त्यांना उठवलं. आणि उठवून बसवलं कुठं, तर लेखनिकाच्या कामावर! नगरला एका कचेरीत जन्मभर कारकुनी केल्यामुळे मला या गोष्टीत चमत्कार कमी आणि बदलीची ऑर्डर जास्त दिसते.

आईची जागा थेट माइकसमोर आहे, हे तिनं सांगितलं नव्हतं. व्यासपीठ चालवणाऱ्या महाराजांची गती मेलगाडीची, माझी पॅसेंजरची. तासाभरात मी युक्ती काढली. मधले शब्द ओठांतल्या ओठांत, ओवीचा शेवटचा शब्द मात्र ठणकावून. दुसऱ्या दिवशी चष्मा विसरलो, आईचा जुना लावला, तर एकेका ओवीच्या दोन-दोन झाल्या. तिसऱ्या दिवशी बसल्या जागी डुलकी लागली. शेजारच्या आप्पांनी कोपर मारलं, तेव्हा जाग येताच मी जोरात "हजर!" म्हणालो.

चौथ्या दिवशी तेरावा अध्याय. ज्ञानी माणसाची लक्षणं. मान नको, दंभ नको, कुणी कितीही त्रास दिला तरी क्षांती ढळू द्यायची नाही. वाचताना वाटलं, यातलं निम्मं तरी आपल्याला जमतं. तेवढ्यात खिशात फोन वाजला. बंद करायला गेलो तो स्पीकर सुरू झाला, आणि माइकवरून साऱ्या पंचक्रोशीला कळलं, की मला पाच लाखांचं वैयक्तिक कर्ज मंजूर झालंय. संध्याकाळी दोघेजण व्याजाचा दर विचारायला घरी आले. एकानं तर जामीन राहायची तयारी दाखवली.

त्या गोंधळात पान उलटलं आणि मी एकटाच भलतीकडे. सगळे एका ओवीवर, माझा ठणकावलेला शेवटचा शब्द दुसऱ्याच ओवीतला. घरी आलो तर आई डोळ्याला हिरवी पट्टी लावून बसलेली.

"मधलं पान कुठं सांडलं रे?"

मी पोथी तपासली. दोन पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली. काल्याच्या बुंदीचा पाक, दुसरं काय! मनाची समजूत घातली, की ही चूक करणारे आपण पहिले नाही. पावणेतीनशे-तीनशे वर्षं हाती नकलून पोथीत इतके पाठभेद झाले, की शके १५०६ मध्ये, १५८४ साली, पैठणच्या एकनाथमहाराजांना बसून ती शुद्ध करावी लागली. वर त्यांनी तंबीही दिली, की यात पदरची ओवी घालणारा म्हणजे अमृतानं भरल्या ताटात करवंटी वाढणारा. घालणाऱ्याला तंबी आहे. गाळणाऱ्याला असेल तर आईनं अजून मला सांगितलेली नाही.

चहाच्या पातेल्याच्या वाफेवर पानं धरली. हळूहळू सुटली. आत एक कागद होता. घोडेगावची कांद्याची पट्टी, वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, नावाची, हमाली-तोलाई कापलेली, २००७ सालची. खाली पेन्सिलीनं अण्णांनी काहीतरी बेरीज मांडून अर्धी सोडलेली. भाव बघून त्यांनी पट्टी पोथीत का लपवली असेल, ते लगेच कळलं. आईला पट्टी दिसू नये, एवढाच हेतू. आणि तो हेतू इतकी वर्षं साधला होता.

माझ्या डोक्यात उजेड पडायला जरा वेळ लागला.

"आई, म्हणजे २००७ पासून तू ही दोन पानं..."

"मला पाठ आहेत ती." तिनं हात पुढं केला. मी पट्टी तिच्या हातात ठेवली. तिला ती वाचता येत नव्हती, तरी घडीवरून बोट फिरवत राहिली. "अण्णांची ना? वाटलंच मला. त्या साली त्यांनी भाव सांगितलाच नव्हता." मग पट्टी उशाखाली सारून म्हणाली, "आता पोथी धर. मी म्हणते, तू बघ."

ती म्हणू लागली. माझं बोट ओवीमागून ओवी सरकत होतं. अक्षराचा फरक नाही. मी खजील होत होतो, आणि मधेच बोट थांबलं. ती म्हणत होती ती ओवी पुस्तकात नव्हती. मी पुढचं पान पाहिलं, मागचं पाहिलं. मागच्याच्या मागचं पाहिलं. ओवी चांगली होती. क्षांतीबद्दलच होती, त्यात कांदासुद्धा होता.

"बरोबर आहे ना?" आईनं विचारलं.

"अगदी," मी म्हणालो, आणि चहा उतू जातोय म्हणत स्वयंपाकघरात पळालो.