सासू घरची, सून घरची, बाहुलीही घरचीच

मा. पुरस्कार सोहळा संयोजक,
सर्व मराठी मनोरंजन वाहिन्या, मुंबई यांस,



आपापल्या सोहळ्यात सर्वोत्कृष्ट मालिका आपापल्याच वाहिनीची निघाली, याबद्दल जळगाव-धुळ्याच्या प्रेक्षकांतर्फे अभिनंदन. निकाल लागेपर्यंत आमचा जीव टांगणीला होता. नायिका, खलनायिका, सासू, सून, जोडी, कुटुंब असे बारीक विभाग पाडून कोणी रिकाम्या हाताने जाऊ नये ही काळजी लग्नातल्या आहेरासारखीच. आक्षेप आहेराला नाही, ‘सर्वोत्कृष्ट’ या शब्दाला आहे. जळगावच्या सराफ बाजाराची ख्याती शुद्ध सोन्याची; तरी २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला, आणि तो शिक्का सराफाला स्वतः मारता येत नाही, मान्यताप्राप्त केंद्रातून आणावा लागतो. पिढीजात पेढीला नसलेली मुभा आपल्याला कुठून मिळाली?

आपण म्हणाल, कौल प्रेक्षकांचा असतो. असतो, पण ताटात वाढले तेवढ्यातलाच. एकाच टोपलीतले सरस वांगे मतदानाने निवडता येईल. तेवढ्याने ते बामणोदच्या भरिताच्या वांग्याला भारी ठरत नाही. दुसरे म्हणणे जास्त वजनाचे आहे : सगळ्यांना एका पंगतीत बसवले, तर रोज भाग काढणारी मालिका आणि मोजक्या भागांत आटोपणारी यांची तुलना अन्यायाची होईल. अमेरिकेत हा वाद झालेला आहे. दूरचित्रवाणीच्या मुख्य एमी पुरस्कारांत केबलवाल्यांना जागा नव्हती, म्हणून त्यांनी सत्तरच्या दशकाअखेरीस ‘केबलएस’ ही स्वतःची पंगत मांडली. १९८८ मध्ये एमीचे दार उघडले, १९९७ नंतर ती पंगत उठली, आणि २००४ मध्ये केबलवरची ‘द सोप्रानोज’ सर्वोत्कृष्ट नाट्यमालिका ठरली. आम्ही वर्षाला बावीस-बावीस भाग करतो, हे केबलवाले तेराच करतात, ही नेटवर्कवाल्यांची कुरकुर खोटी नव्हती. पण मग विभाग भागांच्या संख्येवर पाडावेत. मालक कोण यावर कशाला? ‘मटा सन्मान’मध्ये वेगवेगळ्या वाहिन्यांच्या मालिका एकत्र तोलल्या जातात, तेव्हा मराठीत हे अशक्य आहे असेही नाही.

आणि हो, फेरविचार केलाच, तर अहिराणीसाठी ‘विशेष उत्तेजनार्थ’ विभाग काढू नका. २०११ च्या जनगणनेत अहिराणी धरून खान्देशी बोलणारे १८ लाखांवर भरले. त्यांची गाणी आणि विनोद यूट्यूबवर आपल्या परवानगीवाचून चालतात. त्यांच्यातला कलावंत घ्यायचा तर नायक-नायिकेच्या रांगेत घ्या. हे काहीच जमणार नसेल, तरी सोहळा जरूर करा. निमंत्रणपत्रिकेवर मात्र ‘पुरस्कार’ खोडून ‘स्नेहसंमेलन’ छापा.

कळावे,
खान्देशातला एक प्रेक्षक