सामायिक जमिनीतलं आर्थिंग

मालवणकडच्या जुन्या घरात एसी आला की त्याच्या आधी माडीवर डीबीची पेटी येते. खालच्या मेन बोर्डातून एक जाड केबल वर न्यायची, नव्या पेटीत खटके बसवायचे आणि तिथून खोल्यांना वीज वाटायची. मे महिन्यात पर्यटक, चतुर्थीला चाकरमानी आणि विहिरीवर पंप. जुन्या बोर्डाने सोसायचं तरी किती? पेटीला कुणाची हरकत नसते. नवी वस्तू म्हणून तिला हळदकुंकूसुद्धा लागतं. भांडण पेटतं ते आर्थिंगच्या हिरव्या वायरीवरून. ती भिंतीतून उतरून जमिनीत जाते, आणि जमीन सामायिक असते.

आमच्याकडे वायरमनने "खड्डो खय मारूचो?" एवढंच विचारलं आणि मुंबईला फोन लागले. पुरायचा काय, तर अडीच मीटरचा पाइप. पण कुणाच्या माडाखाली? सातबाऱ्यावरच्या नावांशी विजेला देणंघेणं नसतं, तिला ओल लागते. आमचा जांभा याबाबतीत कृतघ्न आहे. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर पाऊस गिळतो आणि एप्रिलमध्ये कोरडा ठणठणीत. म्हणून न्हाणीचं सांडपाणी जातं ती जागा ठरली. तिथे कुणाला हिस्सा नको होता.

आमच्या तात्यांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, वायरमनने पाना हातात धरून "व्हय म्हाराजा" म्हटलं, आणि पाइपभोवती कोळसा आणि मिठाचे थर पडू लागले. ज्या मिठासाठी १९३० साली आमच्याच जिल्ह्यातल्या शिरोड्याला लोकांनी सत्याग्रह केला, ते पोत्याने खड्ड्यात जाताना बघून तात्या हळहळले. काकीला मात्र त्यात नवल वाटलं नाही. "माडाक घालतत, मगे हेका घातला तर काय झाला?" मिठाने पाइप लवकर गंजतो, हे वायरमनने पोतं रिकामं झाल्यावर सांगितलं.

न्यूट्रल आणि आर्थ वरच्या डीबीत एकत्र जोडा, वायर वाचेल, असा सल्ला देणारा शहाणा प्रत्येक वाडीत असतो. शेवटी दोन्ही मातीतच जातात ना? जातात. पण न्यूट्रल ही रोजची परतीची वाट आणि आर्थ ही बिघाड झाला तरची. दोन्ही एक केल्या की रोजचा करंट गीझरच्या पत्र्यापर्यंत पोचतो, आणि मागे कुठे न्यूट्रल तुटली तर पत्राच फेज होऊन बसतो. सामायिकपणाचे तोटे आमच्या घराला बाहेरच्याने शिकवायची गरज नव्हती. दोघींच्या पट्ट्या वेगळ्या ठेवायचं तात्यांना एका वाक्यात पटलं. भावांच्या वाटण्या मात्र अजून व्हायच्या आहेत.

"पन्नास वर्सां लाईट आसा, कोणाक काय झाला नाय," हा तात्यांचा शेवटचा किल्ला. तो आकड्यांनी पडला. खड्ड्याचा रोध २० ओहम धरला, तर २३० व्होल्टला बिघाडाचा करंट होतो साडेअकरा अँपिअर. पेटीतला १६ अँपिअरचा खटका, म्हणजे एमसीबी, तेवढ्याने ढिम्म हलत नाही. पत्रा तसाच जिवंत राहतो. म्हणजे एवढं मीठ घालूनही एकट्या खड्ड्याच्या भरवशावर राहता येत नाही. सोबत आरसीसीबी लागतो. गेलेल्या आणि परतलेल्या करंटमध्ये ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो वीज तोडतो. "करंट येवची वाट सगळे बघतत," वायरमन म्हणाला, "जावची कोण बघना नाय."

आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं एक बटण असतं. ते अधूनमधून दाबून बघायचं. वीज गेली तर यंत्र शाबूत. आमच्याकडे ते दर संकष्टीला दाबतात, म्हणजे विसरायला नको. वेळ मात्र काकी ठरवते: मालिका संपल्यावर आणि चंद्रोदयाच्या आधी, खोबऱ्याचं वाटप मिक्सरमधून निघालेलं असलं पाहिजे.