तळघरातला वारा

चार तारे, सहा देश आणि पावणेतीन तास एवढ्या ऐवजाचा हेरगिरीचा चित्रपट पाहण्यासाठी कामरगावाहून एसटीने अमरावती गाठणाऱ्या माणसाने कृतघ्न होऊ नये, म्हणून आरंभीच कबूल करतो की चित्रपटात गुण आहेत. धावत्या आगगाडीच्या टपावरील झुंज अशी रंगली आहे की खुर्चीचा हात समजून आपण शेजाऱ्याचे मनगट धरले आहे, हे मला मध्यंतरापर्यंत कळले नाही. शिवाय नायिकेला नायकापेक्षा दोन गुद्दे अधिक मारू दिले आहेत. कथानक नाही, पण ते मिळेल असे तिकिटावर कोठे छापलेले नव्हते.

माझी तक्रार वाऱ्याविषयी आहे. शत्रूच्या राजधानीत, जमिनीखाली सात मजले, तीन पोलादी दरवाज्यांआड, जेथे मुंगीलाही परवान्याशिवाय शिरकाव नाही अशा दप्तरखान्यात नायक उतरतो, काळा चष्मा काढतो आणि त्याचे केस भुरभुरू लागतात. ज्यांचे मनगट मी धरले होते ते आमचे शेजारी नाना, सारा जन्म शिवारात काढलेले, माझ्या कानाशी लागून म्हणाले, “काहो गुरुजी, हा वारा कोठून येऊन राह्यला?” त्या क्षणापासून मला चित्रपट दिसेनासा झाला, वाराच तेवढा दिसू लागला. हा वारा निसर्गासारखा आंधळा नाही. त्याला मानपान कळतो, त्याच्यापाशी दर्जाची नोंदवही आहे. नायकाच्या केसांना तो अष्टौप्रहर आहे, पण त्याच्याच खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या पहारेकऱ्याच्या मिशीचा केससुद्धा हलत नाही. पाहुणा तारा चार मिनिटांपुरता येतो, परंतु ज्येष्ठतेच्या हक्काने त्यास वाऱ्यासोबत पाचोळाही मिळतो. खलनायकाची वहिवाट कोटाच्या पल्ल्यांपुरती. आणि ज्याचा बळी मध्यंतरापूर्वी जावयाचा असतो त्या इमानी सहकाऱ्याला मरतेसमयी एक झुळूक मंजूर होते, तीही कारुण्याच्या खात्यातून. बरे, शत्रूकडील एवढी धोरणी मंडळी, त्यांचे ते उपग्रह, ते भिंतीएवढे पडदे. त्यांतल्या एकाही शहाण्याला असे सुचू नये की बंद तळघरात ज्याच्या अंगावरून वारा वाहतो तोच हेर, धरा त्याला?

ह्याच नानांनी गेल्या माघात उपणणीसाठी तुरीचे टोपले डोक्यावर धरून, तिवईवर उभे राहून, तीन दिवस वाऱ्याची वाट पाहिली. पंखा लावावा, तर विजेची पाळी मध्यरात्रीची! खरे तर हेर व्हावे ते नानांसारख्यांनीच: कौटिलीय अर्थशास्त्रात ‘गृहपतिक’ नावाचा हेर सांगितला आहे. त्याची पात्रता एवढीच की तो उपजीविका बुडालेला, परंतु शहाणा आणि सचोटीचा शेतकरी असावा. ह्या निकषावर आमचा अख्खा कारंजा तालुका भरती होईल आणि वर अनुशेष उरेल. पण असा हेर पडद्यावर यायचा नाही, कारण त्याचा सदरा घामाने पाठीला चिकटलेला असतो, तो फडफडत नाही. फडफडणाऱ्यांना बघायला मात्र त्यानेच पैसे मोजायचे, आणि ज्या मक्याला बाजारात कोणी कुत्रे विचारीत नाही त्याच्याच लाह्यांचा द्रोण तिकिटाहून महाग घ्यायचा! मी घेतला नाही. नानांनी घेतला, आणि भाव ऐकून तो अर्ध्यावर ठेवला.

वेषांतराचेही तसेच. मराठी फौजेने 1670 साली आमचे कारंजे लुटले तेव्हा शहरातील बडी धेंडे पकडली गेली. सर्वांत मातबर असामी तेवढी बायकी वेषात निसटली, असे त्या काळच्या इंग्रजी पत्रव्यवहारात नमूद आहे. वेषांतराचे ह्याहून चोख प्रकरण आमच्या मुलखाला ठाऊक नाही. त्या दिवशी कारंज्यात वारा पडला असला पाहिजे, म्हणूनच पदर तोंडावर राहिला आणि सावकार वाचला, असा सिद्धांत मी परतीच्या एसटीत नानांपुढे मांडला. नानांनी बराच वेळ विचार केला.

“मंग त्या दिवशी खळ्यावर कोनाचं उपणनं झालं नसन,” ते म्हणाले.