रात्री दीडला ‘मंजूर करा’ म्हणणाऱ्या सद्गृहस्थांस

सप्रेम नमस्कार, वि. वि.

काल रात्री आपण पाठवलेल्या विनंत्या मिळाल्या. ‘तुम्ही लॉग-इन करण्याचा प्रयत्न करत आहात का? मंजूर करा किंवा नाकारा.’ मी झोपलो होतो, त्यामुळे लॉग-इन करणारा मी नव्हे हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी एकामागून एक विचारतच राहिलात. या चिकाटीला मानलं. आमच्या सेल्सच्या पोरांना आपल्याकडे शिकवणीला धाडायला हवं.

राग नाही. उलट जरा कीवच आली. रात्री दीडची वेळ आपणच शोधून काढली असा आपला समज दिसतो. अहो, आपल्या आधी अमेरिकेतला क्लायंट रांगेत होता (‘घाई नाही, सकाळी बघितलंस तरी चालेल’), टाइमशीटची तिसरी आठवण होती, आणि एचआरच्या ॲपचा ‘आज पुरेसं पाणी प्यायलात का?’ हा प्रश्न होता. आपला नंबर चौथा. रांगेत थांबायची सवय असू द्या.

आमचा दिवस आपण पाहिलेला नाही. हिंजवडीची बस पकडल्यापासून खिसा थरथरायला लागतो. परवा अख्ख्या फ्लोअरच्या ग्रुपवर एकाने सगळ्यांना टॅग करून विचारलं, ‘कोणाकडे टाइप-सी चार्जर आहे का?’ एकाने कळवलं, ‘सॉरी, नाही.’ दुसरा म्हणाला, ‘मिळाला तर मलाही हवाय.’ तिसऱ्याने नुसता अंगठा उमटवला. त्या अंगठ्याचंही नोटिफिकेशन आलं. मग एक ज्येष्ठ मॅनेजर सात्त्विक संतापाने लिहिते झाले, ‘कृपया सगळ्यांना टॅग करू नये.’ सगळ्यांना टॅग करून. त्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला. याच गदारोळात, त्याच आवाजात, तसंच थरथरत एखादं खरं नोटिफिकेशनही येतं : ‘आपल्या खात्यात नव्या उपकरणावरून लॉग-इन झाले आहे.’ कँटीनमधली मिसळ संपल्याची बातमी आणि कोणाच्या तरी नोकरीचा वाढदिवस यांच्या मधोमध ते चेंगरून पडलेलं असतं.

शिवाय दिवसभर आम्ही स्वतःच ‘मंजूर’ दाबत असतो. व्हीपीएनला मंजूर, मेलला मंजूर, पगाराची स्लिप बघायला मंजूर. चहा पिऊन येईतो सेशन संपलेलं, की पुन्हा मंजूर. सोसायटीच्या गेटवर डिलिव्हरीवाल्यांना आत सोडून सोडून वॉचमनचा हात जसा न बघताच वर जातो, तसा आमचा अंगठा झालाय. तो आमच्या कंपनीने, स्वखर्चाने, आपल्यासाठी तयार करून ठेवलाय. आणि हीच कंपनी वर्षातून एकदा प्रशिक्षण घेऊन सांगते की सुरक्षेतला सर्वांत कच्चा दुवा म्हणजे माणूस. त्या प्रशिक्षणाच्या आठवणी किती येतात, ते विचारू नका.

आपल्या बिरादरीचा इतिहास मी वाचलाय. सप्टेंबर २०२२ मध्ये उबर कंपनीच्या एका बाहेरच्या कंत्राटदाराचा पासवर्ड आपल्यापैकी एकाच्या हाती लागला. कंपनीच्याच निवेदनानुसार तो पुन्हा पुन्हा लॉग-इन करत राहिला आणि दर वेळी त्या कंत्राटदाराच्या फोनवर मंजुरीची विनंती जात राहिली. आधी नकार, मग आणखी नकार, शेवटी एकदा होकार. संपलं. पुढची गंमत मला जास्त आवडते. आत शिरल्यावर या पठ्ठ्याने कंपनीच्या स्लॅकवर सगळ्यांना दिसेल असं जाहीर केलं की मी हॅकर आहे. तेव्हा आलेल्या बातम्या खऱ्या मानायच्या तर कित्येकांना ती थट्टाच वाटली. वाटणारच! चोराने स्वतः दवंडी पिटली तरी ती आणखी एक नोटिफिकेशनच.

अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानांच्या साखळीत तर २०१३ च्या अखेरीस सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती गेली. धोक्याचा इशारा देणारी यंत्रणा बसवलेली होती आणि तिने इशारा दिलाही होता. बंगळुरूच्या टीमने तो पाहिला, मिनिॲपोलिसच्या मुख्यालयाला कळवला. तिथे तो बाकीच्या इशाऱ्यांच्या ढिगात जाऊन बसला. आपल्या लोकांनी ढाल भेदली असं कोणी म्हणत असेल तर म्हणो, मला विचाराल तर ढिगाने मदत केली.

आता मुद्द्याचं. आमच्याकडे पासवर्ड बरोबर पडल्याशिवाय ‘मंजूर करा’ हा निरोप फोनवर येतच नाही. म्हणजे माझा पासवर्ड आपल्याकडे आहे, हे आपण स्वतःच, आणि तेही वारंवार, कळवलंत. आभारी आहे. नुसतं ‘नाकारा’ दाबून कूस बदलणारे पुष्कळ. त्यांच्याकडे आपण उद्या पुन्हा जाल. मी ‘हा मी नव्हे’ दाबलं, पासवर्ड बदलला, सगळ्या उपकरणांवरून लॉग-आउट केलं आणि सुरक्षा विभागाला फोन लावला. नंबर अस्तित्वात नव्हता. नवा नंबर, सकाळी समजलं, गेल्याच महिन्यात सर्वांना नोटिफिकेशनने कळवला होता.

आपल्या धंद्याला थोडे वाईट दिवस आलेत हेही कानावर आहे. मायक्रोसॉफ्टने मे २०२३ पासून स्वतःच्या ऑथेंटिकेटर ॲपमध्ये आकडा जुळवणं सक्तीचं केलं. लॉग-इनच्या स्क्रीनवर दिसणारा दोन अंकी आकडा फोनवर टाकायचा. आपल्या स्क्रीनवरचा आकडा मला दिसत नाही, त्यामुळे झोपेत अंगठा पडला तरी आपलं काम होत नाही. अर्थात आपण हुशार. आयटीवाल्याच्या आवाजात फोन करून तो आकडा मला सांगाल. म्हणून मी पासकीसाठी, म्हणजे पासवर्डच नसलेल्या लॉग-इनसाठी, अर्ज केलाय. अर्ज मंजुरीसाठी साहेबांच्या फोनवर गेलाय, आणि साहेबांचा फोन कसा असेल ते वर लिहिलंच आहे.

काम संपल्यावर ऑफिसच्या फोनला, मेलला उत्तर न देण्याचा हक्क मिळावा म्हणून सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं. तेव्हा लोक हसले. फ्रान्समध्ये तसा कायदा २०१७ पासून आहे. भारतात झाला असता तर फार मोठं नुकसान झालं असतं, आपलं. रात्री दीडला फोन वाजवणारे एकटे आपणच उरला असता आणि डोळे न उघडता ओळखू आला असता. म्हणून सध्या हा कायदा मी माझ्यापुरता करून टाकलाय. सुरक्षेची सूचना, घरचा फोन आणि प्रॉडक्शन बंद पडल्याचा कॉल, एवढंच वाजतं. लॉक स्क्रीनवर मजकूर दिसत नाही, त्यामुळे मीटिंगच्या टेबलावर शेजारच्याला माझा ओटीपी वाचायला मिळत नाही. बाकी सगळं दिवसातून दोनदा, मी जाऊन बघतो. ‘तुमचा सहभाग कमी झाला आहे’ असं एचआरच्या ॲपने कळवलं म्हणे. मला ते दुपारी कळलं.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
तूर्त लॉग-आउट असलेला एक कर्मचारी

ता. क. – आपली विनंती नाकारल्यावर अर्ध्या तासात कंपनीचं नोटिफिकेशन आलं : ‘आमच्या सुरक्षा सेवेचा अनुभव कसा वाटला? पाचपैकी तारे द्या.’ आपल्यालाही आलं असेल तर भरून टाका. सेवा वापरणारे मुख्यतः आपणच.