कोलंबसराव

डिसेंबरच्या अखेरीस कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर अर्धी विजार आणि वर फुगलेलं जर्किन असा अवतार दिसला, की समजावं, कोलंबसराव आले. प्रत्येक पेठेत असा एक असतोच. नाव काहीही असो, पेठ त्याला कोलंबसरावच म्हणते, कारण हा इंजिनिअर होऊन पुण्यामार्गे इंडियाना राज्यातल्या कोलंबसला गेलेला असतो. कुणी चुकून ओहायओतलं कोलंबस म्हटलं, की पारा चढतो. "ती राजधानी हाय. तिथं कोणबी जातंय. आमचं कोलंबस येगळं. पन्नास हजारांचं गाव, समदी वळखीची!"

मूळ कोलंबस हिंदुस्थान शोधायला निघाला आणि भलतीकडेच लागला. हा अमेरिकेला निघाला आणि तिथं त्याला कोल्हापूरच सापडलं. गावात इंजिनांची एकच थोरली कंपनी, कमिन्स, 1919 सालची. निम्मं गाव तिच्यात काम करणारं, उरलेलं तिच्याविषयी बोलणारं. 1962 साली पुण्यात किर्लोस्कर कमिन्स निघाली, तेव्हापासून मराठी माणसाला ही वाट सरावाची. इंडियानापोलिस तासाभरावर. त्या शहराचं नाव कोलंबसराव ज्या सुरात घेतात, तो सूर कोल्हापूरकरांनी एरवी फक्त पुण्यासाठी राखून ठेवलेला आहे.

गावाचा अभिमान तर विचारू नका. सारिनेन बापलेकांनी बांधलेली चर्चेस, आय. एम. पेई यांचं वाचनालय (हे पेई म्हणजे मंगळूरकडचे पै नव्हेत, हा खुलासा ते न विचारता करतात), जगातले नामांकित आर्किटेक्ट एवढ्याशा गावात राबलेले. का, तर कंपनीचे इर्विन मिलर म्हणाले, सार्वजनिक इमारतीला चांगला आर्किटेक्ट निवडा, त्याची फी आमचं फाउंडेशन देईल. हेच मिलर 1963 च्या वॉशिंग्टन मोर्चाच्या पाठीशीही उभे राहिले होते. एकदा भरात येऊन कोलंबसराव बोलून गेले, "मिलरसाहेब म्हंजे आमच्यातले शाहू महाराजच की!" कट्ट्यावर एकदम शांतता पसरली. धार काढणाऱ्याचा हातसुद्धा थांबला. "म्हंजे... महाराजांची सर न्हाईच," असं म्हणत त्यांनी घाईघाईनं ग्लास तोंडाला लावला.

कंपनीच्या मुख्य कचेरीत एक डिझेल इंजिन सुटं करून टांगलेलं आहे. एकेक नट, एकेक पिस्टन हवेत लटकतोय. रुडॉल्फ डी हाराक या कलावंताचं हे शिल्प. पाव्हणे येतात, फोटो काढतात. कोलंबसरावांनीही काढला आणि मोठ्या कौतुकानं कट्ट्यावर फिरवला. उद्यमनगरातल्या एका मिस्त्रीनं चष्मा कपाळावर सरकवून तो निरखला. "आमच्या दारात रोज अशी दोन इंजनं सुटी पडल्याली असत्यात," तो म्हणाला. "गिऱ्हाईक फोटू काढत न्हाई, कवा जोडतोस म्हणून बोंबलतंय."

तिथली दिनचर्या मात्र सोसवत नाही. संध्याकाळी पाय मोकळे करायला निघावं, तर फुटपाथवर चिटपाखरू नाही. शेजारी मोटार थांबवून विचारतो, गाडी बंद पडली काय, सोडू का कुठं? रंकाळ्याला चार फेऱ्या मारणाऱ्याला ही सहानुभूती फार लागते. साडेआठला गाव चिडीचूप. मग घरी येऊन रस्सा टाकायचा. त्यासाठी आईनं दिलेली कांदा-लसूण चटणी येते ती अशी: आधी पिशवी, पिशवीवर पिशवी, वर जुना नऊवारीचा तुकडा आणि हे सगळं कुकरच्या पोटात, झाकण लावून. विमानतळावरच्या क्ष-किरणात कुकर दिसला की तिथले साहेब दचकतात, आणि झाकण उघडलं की शिंकतात.

यंदा विषय पुरावर गेला. "आमच्यात बी 2008 ला पूर आल्ता," कोलंबसराव म्हणाले. "अख्खा दवाखाना रिकामा करायला लागला." मंडळींनी हळहळ व्यक्त केली, पण फारशी नाही. "हायवे बुडाल्ता काय?" एकानं विचारलं. "2019 ला शिरोलीत हायवे पाण्यात हुता. ट्रकांची रांग बघायला माणसं जायची." यावर कोलंबसरावांपाशी उत्तर नव्हतं.

तेवढ्यात ग्लास विसळत दूधवाल्या मामांनी बरेच दिवस मनात असलेलं विचारलं.

"साहेब, तिकडं म्हशी किती असतील?"

"आमच्यात म्हस न्हाईच मामा. पण मका बघाल तर गाव संपलं की सुरू. नजर पोचंल तिथवर नुसता मका."

मामा बराच वेळ त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले.

"एवढा मका हाय आणि म्हस न्हाई? मग ती वैरण खातंय कोण?"