ज्येष्ठ संगणकास घरात प्रवेश मिळणेबाबत

प्रति,
मा. राउटरसाहेब,
मु. बैठकीची भिंत, देव्हाऱ्याच्या वरची बाजू,
अंबड, जि. जालना.

विषय : पुढच्या खोलीतील ज्येष्ठ संगणकास घरच्या वाय-फायवर प्रवेश मिळणेबाबत.

संदर्भ : आपला ‘कनेक्ट होऊ शकत नाही’ हा एकोळी शेरा.

महोदय,

आपल्याविषयी तक्रार करायची तर ती ॲपमधून करावी लागते, आणि ॲप उघडायला आपलंच नेट लागतं. म्हणून हे खुलं पत्र.

आधी अर्जदारांची ओळख. ते विंडोज एक्सपी घराण्यातले. हे घराणं ऑक्टोबर २००१मध्ये गादीवर आलं आणि ८ एप्रिल २०१४ रोजी कंपनीनं त्याचा खुराक बंद केला. अर्जदारांच्या पोटात पेजमेकर ७ आहे, श्रीलिपी आहे आणि पाठीत श्रीलिपीचा डोंगल खोचलेला आहे. अंबड तालुक्यातल्या कित्येक लग्नांच्या, वास्तुशांतींच्या नि गोडजेवणाच्या पत्रिका यांच्याच हातून गेल्या. मोसंबीच्या रोपवाटिकांची पावतीपुस्तकं अजूनही जातात. या फाइली नव्या लॅपटॉपवर उघडल्या की ‘चि. सौ. कां.’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा भुगा दिसतो. वधूपिता तो भुगा पाहून ‘हे काय छापलंय?’ असं विचारतो, तेव्हा त्याला फाँटचं एन्कोडिंग समजावून सांगण्यापेक्षा जुना संगणक जपणं सोपं. तात्पर्य, हे गृहस्थ अडगळ नाहीत, कमावते आहेत.

त्यांची मागणीही काही सिनेमे बघण्याची नाही. तयार झालेली पत्रिका गिऱ्हाइकाला पाठवायची, एवढंच.

त्यावर आपण काय केलंत? आधी नावातच अडवलंत. आमच्या घरच्यांनी मोठ्या हौसेनं आपलं नामकरण ‘जय मत्स्योदरी’ करायचं ठरवलं. ज्या गावात देवीची टेकडीच माशाच्या आकाराची, तिथं दुसरं नाव कोण ठेवील? पण वाय-फायच्या नावाला जागा ३२ बाइटांची. देवनागरीतला प्रत्येक वर्ण, काना आणि हलंतसुद्धा, तीन-तीन बाइट खातो. ‘मत्स्योदरी’ तीस बाइटांत कशीबशी बसली, ‘जय’ बाहेर राहिला. नवे फोन ते नाव ठळक वाचतात. अर्जदारांच्या पडद्यावर मात्र त्या जागी चिन्हांची रांगोळी उमटते. तिच्यावरच क्लिक करायचं असतं हे त्या बिचाऱ्यांना कोण सांगणार?

क्लिक केलंच, तर पुढे पासवर्ड. तो एकदा नव्हे, दोनदा टाकायचा, तोही काळ्या ठिपक्यांत. डोळ्याचं चित्र दाबून अक्षरं बघायची सोय त्या काळी नव्हती. एवढं करून उत्तर येतं की पासवर्ड ४० किंवा १०४ बिटांचा हवा. वाचणारा बोटांवर अक्षरं मोजत बसतो. खरा प्रकार असा की अर्जदारांना आपलं कुलूप कुठल्या जातीचं हेच ओळखता येत नाही. त्यांना वाटतं, हे १९९७चं जुनं डब्ल्यूईपी आहे. आपण बोलता डब्ल्यूपीए-३, म्हणजे २०१८ सालची भाषा. मधली डब्ल्यूपीए-२ ही २००४ची. ती एक्सपीला शिकवणारी दुरुस्ती २००५ला निघाली, २००८च्या सर्व्हिस पॅक ३मध्ये ती आयती आली. मात्र संगणक शिकला तरी त्याच्या वायरलेस कार्डाचा ड्रायव्हरही शिकावा लागतो, आणि त्या कार्डाच्या कंपनीनं नवा ड्रायव्हर काढणं कधीच सोडून दिलंय. शिवाय हे कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचं ऐकतं. आपण ५ गिगाहर्ट्झवर बोलत असाल तर त्याच्या लेखी आपण घरात नाहीच. हे सगळं आपल्या एका ओळीत दडलेलं होतं. आपण फक्त ‘कनेक्ट होऊ शकत नाही’ म्हणालात. अहो, तहसील कचेरीतला कारकूनसुद्धा ‘उत्पन्नाचा दाखला जोडा’ एवढं तरी लिहितो.

अशा वेळी हितचिंतक जमतात. त्यांतल्या एकानं सल्ला दिला की आपल्याला थोडं खाली उतरवून डब्ल्यूईपीवर आणावं, म्हणजे म्हाताऱ्यालाही घुसता येईल. तो मी धुडकावला, हे आपल्या बाजूनं नोंदवून ठेवतो. डब्ल्यूईपी कसं फोडायचं ते २००१ सालीच तिघा संशोधकांनी मांडलं. २००७पर्यंत जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या मंडळींनी हे काम मिनिटाच्या आत आणलं. एका ज्येष्ठासाठी सगळ्या घराचं दार किलकिलं ठेवायचं, त्याच घरात लोकांच्या बँकेची ॲपं चालत असताना? हा दयाळूपणा नव्हे.

आणि कुलूप नसलं तर काय होतं, ते महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे. २६ जुलै २००८ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं वृत्तवाहिन्यांना धमकीचा मेल गेला होता. तपास येऊन थांबला तो नवी मुंबईत सानपाड्याच्या एका फ्लॅटवर, तिथं राहणाऱ्या अमेरिकन भाडेकरूच्या उघड्या वाय-फायवर. त्याचे संगणक जप्त झाले, चौकशा झाल्या. शेवटी निघालं ते असं, की त्याचा संबंध नव्हता, कुणीतरी बाहेरून त्याचं नेट वापरलं होतं. पुढच्या दोन महिन्यांत असेच मेल माटुंग्याच्या एका महाविद्यालयाच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वाय-फायवरून गेले. जानेवारी २००९मध्ये मुंबई पोलिसांनी रस्तोरस्ती उघडी वाय-फाय शोधायची मोहीम जाहीर केली. तेव्हा साहेब, आपल्या कडकपणाला माझा विरोध नाही. माझं म्हणणं एवढंच की तो आपण नेमका कुणाला दाखवता ते एकदा बघा.

कारण ज्यांना अडवायचं त्यांना आपण अडवत नाही. आपला पासवर्ड म्हणजे आमच्या घरचा मोबाइल नंबर. तो दुकानाच्या पाटीवर रंगवलेला आहे. नवरात्रात देवीच्या यात्रेला आलेल्या पाहुण्यांच्या फोनांना आपण एकदा ओळख दिलीत, ती अजून मागे घेतलेली नाही. आपल्या पाठीवर एक डब्ल्यूपीएस नावाची सोयही आहे, आठ आकड्यांचा पिन. हा पिन दोन तुकड्यांत तपासला जातो आणि त्याचा शेवटचा आकडा नुसता ताळ्याचा असतो, त्यामुळे कोट्यवधींऐवजी ११,००० प्रयत्नांत काम होतं, हे २०११ सालीच उघडकीला आलंय. आणि कहर म्हणजे लॅनची वायर! हवेतून येणाऱ्याची आपण अशी झडती घेता, पण पिवळी वायर आपल्या बुडात खोचून येणाऱ्याला आपण पासवर्ड सोडा, नावही विचारत नाही. अर्जदार असेच आत आले. अठरा वर्षं भाड्यानं राहणाऱ्याला सोसायटीच्या फाटकावर थांबवावं आणि त्याच वेळी भिंतीला पाडलेल्या भोकातून कुणीही यावं, तसला हा बंदोबस्त.

आत आल्यावर तरी सुटका कुठे? अर्जदारांच्या मदरबोर्डावरचा गोल सेल, तो सीआर २०३२, संपलेला. वीज गेली की, आणि अंबडात ती जाते, घड्याळ मागे पळतं. मग सुरक्षित वेबसाइट म्हणते, माझं प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही. सेल बदलला, तारीख लावली, तर दुसरं गाऱ्हाणं : ३० सप्टेंबर २०२१ला एक मोठं मूळ प्रमाणपत्र मुदतबाह्य झालं, त्याच्या जागी आलेलं नवं अर्जदारांच्या यादीत नाही. एक्सपीसोबत आलेल्या ब्राउझरला आजची कूटभाषाही येत नाही. फायरफॉक्सनं एक्सपीचा हात २०१८मध्ये सोडला. यात आपला दोष नाही. ही वरच्या कचेरीची फाइल.

एक गोष्ट मात्र अर्जदारांच्या श्रेयाची. २६ फेब्रुवारी २०२४ला अंबड तालुक्यात संचारबंदी लागली आणि जिल्ह्यातली इंटरनेट सेवा काही तास बंद होती. त्या दिवशी चकचकीत फोन आणि आपण स्वतः सारखेच रिकामे बसला होतात. अर्जदारांनी पत्रिकेचा मजकूर लावला.

तेव्हा विनंती अशी. २.४ गिगाहर्ट्झचं नाव वेगळं आणि इंग्रजी अक्षरांत ठेवण्याची मुभा द्यावी. तिथं डब्ल्यूपीए-२ चालू द्यावं. त्याच्याही खाली उतरू नये, कुणी कितीही गळ घातली तरी. डब्ल्यूपीएस बंद करावं. अर्जदारांना पाहुण्यांच्या वेगळ्या नेटवर्कवर बसवावं. खुराक बंद झालेल्या यंत्राला घरच्या बाकी उपकरणांपासून लांब ठेवणं हा अपमान नाही, पथ्य आहे. पासवर्ड आम्ही बदलतो, पाटीही पुसतो. आणि सर्वांत महत्त्वाचं : नकार द्यायचाच असेल तर सकारण द्यावा. ‘तुमच्या कार्डाला माझं कुलूप कळत नाही’ एवढं एक वाक्य आपण लिहिलं असतंत, तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

कळावे,
आपला,
अर्जदारांचा मालक

ता. क. : ज्या वाचकांच्या घरी असाच एखादा ज्येष्ठ असेल, त्यांनी नवं वायरलेस कार्ड घेण्याआधी त्याच्या मागे लॅनचं सॉकेट आहे का ते बघावं. यूएसबी वाय-फाय घ्यायचंच असेल तर डब्यावर एक्सपीचं नाव लिहिलेलं असल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आणि बँकेचं काम त्या संगणकावर करू नये.